शेवंतीची पेटी

लहू तांबेशी ज्याचं एकदा तरी वाजलं नाही असा माणूस बहारीनच्या उम्म अल हस्सममधल्या त्या तीन मजली इमारतीत शोधूनही सापडला नसता. खालच्या किराणावाल्याशी दुधाच्या तारखेवरून, वरच्या केरळी कुटुंबाशी गच्चीवरच्या वाळत घालायच्या दोरीवरून, आणि वॉचमनशी तर कारण लागतच नव्हतं. लोक म्हणायचे, ह्याच्या नाकावर राग असतो. लोकांना काय कळतं. राग नाकावर नव्हता, पोटात होता, आणि चांगला मुरलेला होता. तो तिथे कसा आला हे सांगत बसायचा धीर लहूकडे नव्हता आणि ऐकून घ्यायचा इमारतीकडे नव्हता, म्हणून सगळे आपापल्या दाराला आतून कडी लावून सुखाने राहत होते.

माणूस मंडणगड तालुक्यातला, बौद्धवाडीतला. आयटीआय करून, मुंबईत थोडे धक्के खाऊन बहारीनला आला तो एसी टेक्निशियन म्हणून. मीना सलमान बंदराच्या बाजूला कंपनीचं वर्कशॉप होतं. बायको सरिता एका खाजगी दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट. लग्नाआधी चिपळूणला छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात होती. मुलगी जागृती इंग्लिश शाळेत जायची. तिला आईबापाचं भांडण मराठीतून सगळं कळायचं आणि ती त्यावर मत मात्र इंग्रजीतून द्यायची.

व्हिसा कंपनीचा, फ्लॅट कंपनीचा, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. या सगळ्यात लहूचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं? साप होते.

दचकायचं कारण नाही. दोन बेडरूमच्या त्या फ्लॅटमध्ये एक खोली नवराबायकोची, जागृती हॉलमधल्या दिवाणावर, आणि दुसऱ्या खोलीत अजगर. आफ्रिकेतले छोटे अजगर, ज्यांना बॉल पायथन म्हणतात ते. पुरे वाढले तरी माणसाच्या दंडाएवढे, विषबिष काही नाही, आणि इतके भित्रे की जरा खट्ट झालं की डोकं आत घेऊन चेंडू होऊन बसतात. त्यांना ऊब लागते. लहूने वर्कशॉपने टाकून दिलेले फ्रिज घरी ओढून आणले होते, आतली यंत्रं उपटून काढली होती, बल्ब लावले होते, दाराला काच बसवली होती आणि थर्मोस्टॅट असा जोडला होता की पेटी थंड व्हायच्या ऐवजी उबदार राहावी. दिवसभर दुसऱ्यांची घरं गार करणारा हा माणूस संध्याकाळी घरी येऊन अजगरांना ऊब पुरवत बसायचा. सरिताला सापांची भीती नव्हती. तिचा राग होता तो एका बेडरूमचा.

या सगळ्याची सुरुवात शेवंतीपासून झाली. कुवेतमध्ये लढाई पेटली त्या साली सार भागातल्या एका व्हिलात एक इंग्रज घाईघाईने सामान बांधत होता आणि लहू तिथे एसी बंद करून द्यायला गेला होता. इंग्रजाने त्याच्या हातात बुटांचा खोका दिला. आत पेन्सिलीएवढं पिल्लू. तू तापमान समजतोस, म्हणाला, हिला सांभाळ. आणि विमानतळावर निघून गेला. पिल्लाच्या काळ्या अंगावर पिवळे ठिपके होते, अगदी शेवंतीच्या फुलासारखे, म्हणून लहूने तिचं नाव शेवंती ठेवलं.

पुढे इतर आले. कुणी नोकरी सोडून जाताना दिले, कुणाला बायकोने घराबाहेर काढायला लावले. त्यांची अंडी झाली, पिल्लं झाली, ती कुणाकुणाला गेली. पण शेवंती ती शेवंती. घरी आला की बूट काढायच्या आधी तो तिची काच उघडायचा. दुसऱ्या कुणाशी बोलताना आवाज चढायचा, तिच्याशी बोलताना खाली यायचा. सरळ सांगायचं तर तो तिच्यावर जीव टाकत होता, आणि त्याला आता एकच ध्यास होता: शेवंतीची अंडी, शेवंतीची पिल्लं. या देशात आपण काहीतरी आपलं वाढवलं, ते पुढे चाललं, एवढं त्याला बघायचं होतं. अडचण अशी की खोलीतले दोन्ही नर शेवंतीला पसंत नव्हते. नर पेटीत सोडला की ती चेंडू होऊन बसायची. दोन हिवाळे असेच वाया गेले. तिसरा वाया घालवायचा नाही असं लहूने ठरवून टाकलं होतं.

आता त्या पोटातल्या रागाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यानेच घडवलं.

शेवंतीनंतर काही वर्षांनी वर्कशॉपला नवा फोरमन आला, आठल्ये, देवरुखकडचा. पहिली दोन वर्षं दोघांचं बरं चाललं होतं. कोकणातला म्हणून आठल्ये लहूशी कुळथाच्या पिठल्याच्या गप्पा मारायचा. मग एके दिवशी लहूच्या लॉकरचं दार उघडं राहिलं आणि आत चिकटवलेला बाबासाहेबांचा फोटो आठल्येच्या नजरेस पडला. आठल्ये फार गोड हसला. थोड्या दिवसांनी एसीचे डक्ट साफ करताना नाकातोंडात धूळ जाऊन लहूला खोकला धरला, आणि लगेच पँट्रीत एका ग्लासाला लाल इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळली गेली. तो ग्लास इतरांबरोबर फळीवर नाही, खिडकीत एकटा. आठल्ये म्हणाला, तुला खोकला आहे म्हणून हो तांबे, गैरसमज नको. त्याच दिवसांत केरळी वेल्डर लहूपेक्षा जोरात खोकत होता. त्याच्या ग्लासाला कुणी हात लावला नाही.

वर्कशॉपमध्ये पाकिस्तानी होते, फिलिपिनो होते, बहारीनी ड्रायव्हर होता. लाल पट्टी सगळ्यांनी पाहिली. ती वाचता येणारे मात्र तिथे दोघंच होते: लावणारा आणि ज्याला लावली तो.

खोकला गेला. पट्टी राहिली. एका सकाळी सगळे चहाला जमलेले असताना लहूने विचारलं, "साहेब, खोकला गेला. आता टेप कशाला?"

आठल्येने पेपरमधून मानसुद्धा वर केली नाही. "असू दे रे तांबे," तो म्हणाला. "सवय झालीय आता तुला."

लहूने हातातला ग्लास खाली ठेवला. टूलबॉक्समधून लाल टेपचं रीळ काढलं, फळीवरचे सगळे ग्लास खाली घेतले आणि एकेका ग्लासाला पट्टी गुंडाळली. आठल्येच्या खास मगालाही गुंडाळली, दोन फेरे जास्तच. फिलिपिनोंना वाटलं काहीतरी गंमत चालली आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून आठल्ये कागदी कपातून चहा प्यायला लागला आणि लहूला अख्खा उन्हाळा छतावरच्या युनिटांवर लावलं. ऑगस्टमध्ये बहारीनच्या छतावर काय होतं ते ज्याने पाना हातात धरलाय त्यालाच माहीत. पाना धरवत नाही. लहूने तो उन्हाळा दात आवळून काढला, आणि ही गोष्ट घरी इतक्यांदा सांगितली की सरिता ती झोपेतही सांगू शकली असती, आठल्येच्या आवाजासकट.

पुढच्या वर्षी, म्हणजे शहाण्णवच्या नोव्हेंबरात, कमाल परकार शेवंतीसाठी स्थळ घेऊन आला.

कमाल बाणकोटचा. मीना सलमानला एका क्लिअरिंग कंपनीत क्लार्क, राहायला अरादला, बायको अख्तरुन्निसा आणि पोरंबाळं तिथेच. लहूचा बहारीनमधला एकुलता एक दोस्त, आणि तोही टिकला कारण कमालला कुणाचा राग ऐकूच येत नसे. दुबईच्या पक्षीबाजारातल्या एका माणसाकडून लाँचवरून त्याने नर मिळवला होता. उशीच्या अभ्र्यात बांधून आणला होता. दारातच म्हणाला, घ्या, मुलगा खानदानी आहे, मुलीला विचारा. लहू हसला, आणि लहू हसला हे त्या घरात वारंवार घडत नसे.

निघताना कमालने आणखी एक गोष्ट सांगितली. दुबईवाला बोलला आहे, जनावर नवीन आहे, रानातनं धरलेलं आहे, थोडे दिवस वेगळं ठेवा. लहूने ते एका कानाने ऐकलं. सरिताने दोन्ही कानांनी.

लहू कमालला खाली गाडीपर्यंत सोडून वर आला तोवर तिने बाथरूममध्ये सगळं मांडलंसुद्धा होतं. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, खाली कोरा कागद, म्हणजे अंगावरून गोचीड पडली तर दिसेल; एक वेगळा चिमटा; आणि पाण्याचं भांडं. आतल्या खोलीतल्या भांड्यांत ते मिसळू नये म्हणून तिने त्याला खूण केली होती. लहूच्याच टूलबॉक्समधलं लाल टेपचं रीळ हाताशी होतं.

लहू बाथरूमच्या दारात उभा राहिला. भांड्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, ही टेप कोणी लावली.

"मी," सरिता म्हणाली. "आधी आतल्यांना खायला घालायचं, सगळ्यात शेवटी ह्याला. ह्याचं भांडं ह्यालाच. आणि ह्याला शिवलं की हात धुवायचे. वॉर्डात असंच करतात."

"वेगळी जागा," लहू म्हणाला. "वेगळं भांडं. सगळ्यांच्या शेवटी. आणि शिवल्यावर हात धुवायचे. माझ्या घरात?"

तिने समजावून बघितलं. हा माणूस नाही, साप आहे, म्हणाली. आणि याचा श्वास मला बरा वाटत नाही, मध्येच तोंड उघडतोय. लहू म्हणाला, त्यांचंही असंच सुरू होतं, कुणाच्या तरी श्वासावरून, कुणाच्या तरी खोकल्यावरून. तिने म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का. त्याने म्हटलं, माझं आहे, तुझं त्या वॉर्डात राहिलं. जागृती हॉलमधून ओरडली की तिची उद्या टेस्ट आहे. लहूने टेप ओरबाडून काढली, भांडं बाथरूमच्या कोपऱ्यात भिरकावलं, नराला उचलला आणि सरळ शेवंतीच्या पेटीत सोडला. पाहुणा आहे, म्हणाला, पाहुण्याला घरात घेतात.

आणि काय सांगावं, शेवंतीने त्याला पसंत केलं. ती चेंडू झाली नाही. दुसऱ्या दिवशी दोघांच्या शेपट्या एकमेकांत गुंतलेल्या होत्या आणि लहू काचेसमोर पाटावर बसून चहा पीत होता. त्या महिन्यात त्याने सरिताला नुसतं सळो की पळो केलं. जेवताना, कपडे वाळत घालताना, कामावर निघताना, एकच पालुपद: वेगळं ठेवायला निघाली होती. शेवंती अंगाने भरत चालली. हात फिरवला की कातडीखाली अंडी लागायची, मऊ, एकाशेजारी एक. पाहुण्याला त्याने मग त्या प्लास्टिकच्या डब्यात हलवलं, पण त्याच खोलीत, त्याच चिमट्याने, त्याच हातांनी.

जानेवारीत पेटीतून आवाज यायला लागला. चहाचं आधण येण्याआधी किटली करते तसा, बारीक, मधूनमधून. लहूला वाटलं थर्मोस्टॅट बिघडला. त्याने वायरी तपासल्या, बल्ब बदलला, काचेचं रबर काढून परत बसवलं. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, त्याने फ्रिजच तपासला. दोन दिवस तो यंत्राला शिव्या घालत होता. तिसऱ्या दिवशी शेवंतीने मान उंच केली, तोंड उघडलं, आणि आवाज तिच्यातून आला.

नाकपुडीवर एक फुगा होता. तोंडात चिकट तारा. पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके तरंगत होते, ती गोचीड. तीच गोचीड आता प्रत्येक पेटीत होती.

बुदैयाच्या रस्त्याला घोडे आणि ससाणे तपासणारा एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, डॉक्टर होता, त्याच्याकडे दोघं शेवंतीला घेऊन गेले. पाहुण्यालाही नेलं. डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला: नवीन जनावर आणलं का? दुसरा विचारला: किती दिवस वेगळं ठेवलं होतं? लहू भिंतीवरच्या घोड्याच्या चित्राकडे बघत राहिला. सरिताने सांगितलं, ठेवलंच नाही. डॉक्टरने स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "मुख मफी." डोकं नाही. बहारीनमध्ये आल्यापासून लहूला हे शब्द बऱ्याच जणांनी ऐकवले होते आणि प्रत्येकाला त्याने परत ऐकवले होते. या वेळी तो गप्प बसला.

आजार नराबरोबर आला होता, डॉक्टर म्हणाला. त्याला स्वतःला थोडाच त्रास होता, पण ज्यांना तो आजार आधी कधी झालेला नाही त्यांना तो जड जातो. सगळ्यांना इंजेक्शनं द्यायची, ऊब वाढवायची, नराला ताबडतोब खोलीबाहेर काढायचं आणि एप्रिलपर्यंत आत घ्यायचं नाही. शेवंतीबद्दल त्याने आशा दाखवली नाही. छाती कफाने भरली होती आणि पोटातली अंडी खालून दाबत होती. लहूने विचारलं, वेगळा ठेवला असता तर. डॉक्टर म्हणाला, तर तू आज इथे नसतास.

मान वर धरली की तिला जरा श्वास घेता यायचा. लहूने कामावर खाडा केला आणि तिला उभं धरून बसला, एक हात मानेखाली, एक पोटाखाली. एका शुक्रवारी दुपारी, शेजारच्या मशिदीतून लोक बाहेर पडत असताना, मानेखालच्या हाताला वजन लागलं. पोटाखालच्या हाताला अंडी तशीच लागत होती. तो खूप वेळ उठला नाही. सरिता दारात आली, बघितलं आणि परत गेली.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत त्याने खड्डा खणला. वॉचमन हटकायला आला आणि लहूचा चेहरा बघून मागच्या मागे फिरला.

आता राग कुणावर तरी काढायला हवा होता. स्वतःवर काढायची लहूला सवय नव्हती. त्याने पाहुण्याला झाकणाच्या बादलीत घातलं आणि अरादला कमालच्या दारात नेऊन बादली आपटली. तू खून आणलास माझ्या घरात, म्हणाला. अख्तरुन्निसा आतून पोरांना मागे ओढत बाहेर आली आणि म्हणाली, ते काय आहे ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. कमाल आधी समजूत घालत होता. मग त्यालाही, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच, राग ऐकू आला.

"मी काय बोललो व्हतो तुला?" तो म्हणाला. "वेगळा ठेव बोललो व्हतो. तू ऐकलंस?"

लहू म्हणाला, तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला. बाणकोटच्या खाडीपासून सांभाळलेली दोस्ती एका बादलीवरून मोडली.

तिथून तो अरादच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटी होती. किल्ल्याच्या बाजूला नुसता चिखल पसरलेला आणि पाणी पार लांब. जानेवारीच्या वाऱ्यात त्याने बादलीचं झाकण काढलं. पाहुणा तळाशी चेंडू होऊन बसला होता. त्या थंडीत फेकून दिला असता तर लगेच मेला असता. लहूने त्याच्याकडे बघितलं आणि झाकण लावलं. दया आली असं कुणी समजू नये. लगेच मरून सुटावं एवढीही मेहेरबानी त्याला करायची नव्हती.

घरी आल्यावर त्याने बाथरूमच्या कोपऱ्यातून ते भांडं उचललं, टूलबॉक्समधून रीळ काढलं आणि स्वतःच्या हाताने भांड्याला लाल पट्टी गुंडाळली. दोन फेरे जास्तच. सरिताने पाहिलं. डॉक्टरने वेगळं ठेवायला सांगितलंच होतं, त्यामुळे तिला बोलायला जागा नव्हती.

पुढचे महिने पाहुणा बाथरूममध्ये राहिला आणि सरिताने त्याचं सगळं केलं. ड्यूटीवरून आली की आधी आतल्या खोलीतली इंजेक्शनं, मग कपडे बदलून बाथरूममधलं. एकदा तो तिला चावला. तिने हात धुतला, डेटॉल लावला आणि इंजेक्शन पुरं केलं. लहू त्या डब्याकडे बघतही नसे. अंघोळ करायचा ती पाठ करून. नवराबायकोत कामापुरतं बोलणं उरलं होतं: गॅस संपला, फी भरली, चावी कुठे आहे. त्या घरात तेव्हा कुणी सुखाने जेवलं असेल असं वाटत नाही.

आतल्या खोलीतले बाकीचे एकेक करून सुधारले. शेवंतीची पेटी तेवढी रिकामी होती. पण लहूने तिचा बल्ब बंद केला नाही. रोज तापमान बघायचा, रोज पाणी बदलायचा. तिने टाकलेली शेवटची कात आत तशीच ठेवली होती. जागृतीने एकदा इंग्रजीतून विचारलं, आत कुणी नाही तर लाइट कशासाठी. त्यावर तिला मराठीतून जे ऐकावं लागलं त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

एप्रिल लागला. सरिता पाहुण्याला एकटीच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने छातीला नळी लावली, तोंड उघडून बघितलं, खवल्यांच्या फटी बघितल्या. श्वास साफ, गोचीड नाही, वजन वाढलेलं. यल्ला, म्हणाला, आत घ्या. सरिताने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. लहू म्हणाला, तिथेच राहू दे. तिने आठवड्याने परत सांगितलं. तो म्हणाला, एकदा सांगितलेलं कळत नाही का.

बाबासाहेबांची जयंती त्या वर्षी सोमवारी आली, पण बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून तिथल्या बौद्ध कुटुंबांचा कार्यक्रम शुक्रवारी, आणि पाळी लहूच्या घराची. सकाळपासून माणसं यायला लागली. हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या, फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. बायकांनी घरूनच भाज्या करून आणल्या होत्या. सरिताने पुऱ्या तळल्या. जेवणं झाल्यावर भाषणं झाली, आणि मग कुणीतरी म्हणालं, तांबे, ती ग्लासाची गोष्ट सांगा ना, या नवीन पोरांनी ऐकली नाही.

लहूला आग्रह करावा लागत नसे. तो उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं: लॉकर, खोकला, लाल पट्टी, खिडकीतला एकटा ग्लास. आठल्येचं ते पेपर वाचत बोलणं त्याने आठल्येच्याच आवाजात करून दाखवलं. असू दे रे तांबे, सवय झालीय आता तुला. लोक हसले, मग गप्प झाले, आणि सगळ्या ग्लासांना टेप लावल्याचं ऐकून टाळ्यांनी हॉल दणाणला. सरिता स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

तेवढ्यात जमलेल्यांपैकी एकजण बाथरूममधून घाबरून बाहेर आला. आत डब्यात काय आहे, त्याने विचारलं. लहूचा चेहरा क्षणात बदलला. "तो तिथेच राहणार," तो म्हणाला. "मरेपर्यंत." लोकांनी विषय बदलला.

संध्याकाळी सगळे गेले. जागृती खाली मैत्रिणीकडे गेली. लहू सतरंज्या गुंडाळायला लागला. सरिता बाथरूममध्ये गेली, ते भांडं घेऊन आली आणि तिने ते त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"खोकला गेला," ती म्हणाली. "आता टेप कशाला?"

लहूने सतरंजीवरून मान वर केली नाही. "असू दे," तो म्हणाला. "सवय झालीय आता त्याला."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याने ते ऐकलं. मघाशी एवढ्या माणसांसमोर नक्कल करताना ज्या सुरात म्हटलं होतं, त्याच सुरात ते आता आपोआप आलं होतं, नक्कल न करता. सतरंजी हातातच राहिली. त्याला सरिताचा भयंकर राग आला, कारण तिने हे ठरवून केलं होतं. त्याहून जास्त राग आला तो आठल्येचा, की हा माणूस माझ्या घरात शिरला कधी आणि माझ्या तोंडात येऊन बसला कसा.

"त्याने माझी शेवंती मारली," तो म्हणाला.

"शेवंती कशाने गेली ते तुम्हाला ठाऊक हाय," सरिता म्हणाली. "तो आजारी व्हता, तवा त्याला वेगळं ठेवायचं व्हतं. तवा तुम्ही ठेवलं नाय. आता तो बरा हाय."

लहूने सतरंजी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला तो आवडत नाय."

"आवडायला कोण सांगतंय? जागा द्या."

ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि भांडी घासायला लागली, नेहमीपेक्षा जोरात. लहूने भांडं मांडीवर घेतलं. बाथरूमच्या दमट हवेत टेप चिकटून बसली होती. नखाने खरवडावी लागली, तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि खाली डिंकाचा काळपट पट्टा राहिला. तो घासूनही गेला नाही. तसंच भांडं त्याने आतल्या खोलीत नेऊन बाकीच्या भांड्यांत ठेवलं.

रिकामी पेटी एकच होती. त्याने काच उघडली. शेवंतीची कात बाहेर काढली, ती हातातच चुरायला लागली म्हणून खिशात घातली. मग बाथरूममध्ये जाऊन पाहुण्याला उचललं. बादलीच्या दिवसानंतर त्याने त्याला पहिल्यांदाच हात लावला होता. तो जड झाला होता, आणि धरताच त्याने भीतीने डोकं आत घेऊन अंगाचा गोळा केला. लहूने तो गोळा शेवंतीच्या जागेवर ठेवला, काच लावली आणि तापमान बघितलं. ते बरोबर होतं. मग तो हॉलमध्ये आला आणि उरलेल्या सतरंज्या गुंडाळायला लागला.